बुद्धिबळांतील अखेरीचें अनवधान

बुद्धिबळाचा डाव पाहणाऱ्या नवशिक्यास असें वाटतें कीं, पटावर बत्तीस मोहरे आहेत तोंवरच खरी गुंतागुंत असते. ते एकेक करून मारले गेले, वजिरांची अदलाबदल झाली, आणि दोन राजे, एखाददुसरा हत्ती वा उंट व मूठभर प्यादीं एवढाच पसारा उरला, म्हणजे पुढील काम सोपें झालें अशी त्याची समजूत होते. या खेळाचा गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास मात्र याच्या अगदीं उलट साक्ष देतो. जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील ज्या चुका आजही हळहळीनें सांगितल्या जातात, त्यांपैकीं कित्येक पट बराचसा मोकळा झाल्यावर झालेल्या आहेत. आणि त्या करणारे कोणी सामान्य खेळाडू नसून आपापल्या काळांतील पहिल्या दोन-चार पुरुषांत गणले जाणारे होते. अशा कांहीं चुकांचा वृत्तान्त देऊन त्यांची कारणें कोणतीं, आणि त्या करणाऱ्यांस लोकांच्या स्मृतीनें दिलेला न्याय कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळांतील चुका तीन प्रकारच्या असतात. पहिली अज्ञानाची, म्हणजे अमुक स्थितींत काय करावें हें खेळाडूस ठाऊकच नसतें. दुसरी गणिताची, म्हणजे पुढील दहा-बारा खेळ्यांचा हिशेब करतांना कोठें तरी आंकडा चुकतो. तिसरी अनवधानाची, म्हणजे जें ठाऊक आहे, जें एरवीं डोळे मिटूनही दिसावें, तेंच त्या क्षणीं दिसत नाहीं. पहिल्या दोन चुकांवर अभ्यास हा उपाय आहे. तिसरीवर तो चालत नाहीं, आणि म्हणूनच ती थोरामोठ्यांच्या वांट्यास येते. त्यांतही डावाच्या अखेरीस घडलेलें अनवधान विशेष घातक होतें. डाव भरांत असतांना एखादें प्यादें फुकट गेलें तरी हल्ला चढवून, प्रतिपक्षास गोंधळांत पाडून त्याची भरपाई करतां येते. अखेरीस भरपाईचें साधनच शिल्लक नसतें. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या खेळांत प्याद्यानें केलेली मात विशेष मानाची समजत. आरंभीं ज्यास कोणी मोजीत नाहीं त्या प्याद्याचें मोल अखेरीस किती वाढतें, हें त्या मानावरून ध्यानांत येईल.

या प्रकारच्या चुकांत सर्वांत प्रसिद्ध चूक क्यूबा बेटांतील हवाना शहरीं १८९२ सालीं झाली. जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि रशियाचा मिखाइल चिगोरिन यांचा हा दुसरा सामना होता. पहिला त्याच शहरीं १८८९ सालीं होऊन त्यांत स्टाइनिट्झ विजयी झाला होता. जो प्रथम दहा डाव जिंकील तो विजेता, असा या वेळचा करार होता. बावीस डाव झाले तेव्हां स्टाइनिट्झचे विजय नऊ व चिगोरिनचे आठ होते. तेविसावा डाव चिगोरिननें जिंकला असता तर दोघेही नवावर येऊन सामना पुढें चालला असता. चिगोरिननें पांढरे मोहरे घेऊन आपल्या स्वभावास अनुसरून राजाच्या बाजूचें प्यादें बळी देणारा जुना धाडसी आरंभ खेळला. अकराव्या खेळीसच वजीर पटावरून गेले. पुढें स्टाइनिट्झचा एक घोडा पडला आणि चिगोरिनपाशीं एक मोहरा अधिक राहिला. काळ्याचें बळ एवढेंच कीं, त्याचे दोन्ही हत्ती पांढऱ्याच्या दुसऱ्या ओळींत घुसून बसले होते. या हत्तींचा मारा राजासमोरील कोपऱ्यांतील प्याद्यावर येऊं नये म्हणून पांढऱ्याचा एक उंट लांबून तिरक्या रेषेंत त्या प्याद्याची राखण करीत होता. सारा डाव या एका राखणदारावर उभा होता.

बत्तिसाव्या खेळीस चिगोरिननें तोच उंट उचलला आणि प्रतिपक्षाच्या एका हत्तीवर मारा करण्यासाठीं दुसरीकडे नेऊन ठेविला. तत्क्षणीं स्टाइनिट्झच्या दुसऱ्या हत्तीनें तें प्यादें मारून शह दिला. राजानें बाजूस सरावें तर उरलेला हत्ती येऊन मात करणार, आणि पळण्याचें एकमेव घर स्वतःच्याच हत्तीनें अडविलेलें. चिगोरिननें डाव सोडून दिला. दहा विजय, आठ पराजय व पांच बरोबऱ्या असा हिशेब होऊन स्टाइनिट्झचें पद कायम राहिलें. चिगोरिन पुढें १९०८ पर्यंत जगला, अनेक स्पर्धांत मानानें खेळला, परंतु जगज्जेतेपदासाठीं खेळण्याचा योग त्यास पुन्हां आला नाहीं.

या चुकीचें स्वरूप लक्षांत घेण्यासारखें आहे. उंट तेथें कशासाठीं उभा आहे हें चिगोरिनला ठाऊक नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. त्या उंटाचें काम मूकपणाचें होतें; तो कांहीं करीत नव्हता, कांहीं होऊं देत नव्हता एवढेंच. जें संकट बराच वेळ डोक्यावर टांगलेलें असून कोसळत नाहीं, त्याची मनास संवय होते, आणि त्यास थोपवून धरणारा खांब रिकामा उभा आहे असें वाटूं लागतें. घरांतही असें घडतें. रोज रात्रीं निमूटपणें कडी लावणाऱ्या माणसाची आठवण तो गांवीं गेल्यावर, आणि कधीं कधीं चोरी झाल्यावरच, होते.

दुसरें उदाहरण मॉस्को शहरांतील आहे. १९५१ सालीं मिखाइल बॉट्विनिक या जगज्जेत्यास सत्तावीस वर्षांच्या डेव्हिड ब्रॉनस्टाइननें आव्हान दिलें. सामना चोविसांचा, आणि तो बरोबरींत सुटल्यास पद जगज्जेत्याकडेच राहावें असा नियम होता. सहाव्या डावाच्या अखेरीस ब्रॉनस्टाइनपाशीं एक घोडा होता, आणि काळ्याचें एक प्यादें वजीर होण्याच्या बेतांत आलें होतें. घोड्यानें शह देत देत राजास भलत्या घरांत ओढून बरोबरी साधण्याचा मार्ग मोकळा होता. ब्रॉनस्टाइननें दीर्घकाळ विचार केला, आणि मग घोड्यास हात न लावतां राजाच हलविला. बॉट्विनिकनें आपला राजा शांतपणें एक घर बाजूस नेला. त्या घरावर घोड्याचा शह पोंचत नव्हता, आणि प्याद्यास अडविणें आतां अशक्य झालें होतें. ब्रॉनस्टाइननें तेथेंच डाव सोडला.

येथें घाई नव्हती, उलट विचार अतिशय झाला होता; आणि कदाचित् तोच बाधला. एका मार्गाचा विचार करून करून मन शिणतें, आणि हात भलत्याच मोहऱ्यावर पडतो. पुढें बावीस डाव संपले तेव्हां ब्रॉनस्टाइन साडेअकरा विरुद्ध साडेदहा असा पुढें होता. तेविसावा डाव त्यानें गमाविला, चोविसावा बरोबरींत सुटला, आणि बारा-बारा गुण होऊन मुकुट बॉट्विनिकच्याच मस्तकीं राहिला. सहाव्या डावांतील अर्ध्या गुणाची किंमत किती होती, हें तेव्हां सर्वांस कळून आलें.

तिसऱ्या उदाहरणांतील चूक या दोहोंहून वेगळ्या जातीची आहे. आइसलंड देशाच्या रेक्याविक या राजधानींत ११ जुलै १९७२ रोजीं बोरिस स्पास्की आणि बॉबी फिशर यांच्या सामन्याचा पहिला डाव सुरू झाला. अठ्ठाविसाव्या खेळीनंतर दोघांपाशीं एकेक उंट व कांहीं प्यादीं उरलीं होतीं, आणि डाव बरोबरींत सुटणार याविषयीं पाहणाऱ्यांस शंका नव्हती. एकोणतिसाव्या खेळीस काळ्या बाजूनें खेळणाऱ्या फिशरनें उंटानें कोपऱ्याजवळचें एक प्यादें मारलें. पांढऱ्यानें शेजारचें प्यादें एक घर पुढें सरकवितांच उंटाची परतीची वाट बंद झाली. दोन प्याद्यांच्या मोबदल्यांत तो उंट गेला. छप्पन्नाव्या खेळीस, दुसऱ्या दिवशीं, फिशरनें हार कबूल केली. उंट गेल्यावरही बरोबरी साधतां आली असती असें पुढील काळांतील विश्लेषकांनीं दाखवून दिलें आहे. म्हणजे एका चुकीनंतर आणखी चुका झाल्या तेव्हां डाव गेला. उंट कोंडला जाईल हें शाळकरी मुलासही दिसतें, तें फिशरला दिसलें नसेल असें मानवत नाहीं. बरोबरी नको होती, कांहींही करून डावांत जीव आणावयाचा होता, आणि त्या आग्रहापायीं अखेरीच्या भागास लागणारी निरिच्छ वृत्ति सुटली, असें अनुमान करण्यास जागा आहे. दुसऱ्या डावास तो आलाच नाहीं, आणि दोन गुणांनीं मागें पडला. तरीही तो सामना त्यानें साडेबारा विरुद्ध साडेआठ असा जिंकला, हें विसरतां कामा नये. त्याचा उपयोग पुढें होईल.

आतां या चुकांच्या बाह्य कारणांकडे वळूं. त्यांत पहिलें कारण घड्याळ. १८८३ च्या लंडन येथील स्पर्धेंत दोन्ही खेळाडूंचा वेळ वेगवेगळा मोजणारें जोडघड्याळ प्रथम वापरण्यांत आलें, आणि तेव्हांपासून वेळ हा प्रत्येक पटावरचा तिसरा खेळाडू झाला. परंतु त्या काळीं अखेरीच्या खेळास एक मोठा आधार होता. ठराविक तास संपले कीं डाव थांबवीत. ज्याची पाळी असे तो आपली पुढची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यांत बंद करून पंचांच्या स्वाधीन करी, आणि डाव दुसऱ्या दिवशीं पुढें चाले. मधली रात्र विश्लेषणास मिळे, सहकारी मदतीस असत, आणि थकलेलें मन ताजें होई. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संगणक इतके बलवान झाले कीं त्या रात्रीं माणसाऐवजीं यंत्रच डाव सोडवील अशी स्थिति आली, आणि ही पद्धत मागें पडत जाऊन अखेर बंद झाली. तिच्या जागीं निराळी सोय आली. फिशरनेंच १९८८ सालीं पेटंटासाठीं मांडलेल्या घड्याळांत प्रत्येक खेळीबरोबर कांहीं सेकंद वाढवून मिळतात. त्यामुळें वेळ अगदीं संपून जिंकलेला डाव जाण्याची आपत्ति कमी झाली खरी. परंतु आतां सबंध अखेर एकाच बैठकींत, चार-पांच तासांच्या श्रमानंतर, खेळावी लागते. मोहरे कमी होत जातात तशी शक्तीही कमी होत जाते.

द्रुतगतीच्या डावांत हें दडपण आणखीच वाढतें. २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकाचा निर्णय अशाच डावांनीं लागला. नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख आणि आंध्र प्रदेशाच्या अनुभवी कोनेरू हम्पी यांचे संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरींत सुटले होते. द्रुतगतीच्या दुसऱ्या डावांत वेळेच्या ओढाताणींत हम्पींच्या हातून चुका झाल्या, आणि दिव्या विजयी होऊन त्याबरोबरच ग्रँडमास्टरही झाल्या. पहाटवारा, उजेड, आपलें जुनें घर यांपैकीं कांहींही नसलेल्या परक्या सभागृहांत, हातीं कांहीं सेकंद असतांना, चाळीस वर्षांच्या उंबरठ्यावरील व्यक्तीनें अचूक राहावें ही अपेक्षाच केवढी कठोर आहे!

चूक होणें ही अर्धीच गोष्ट. ती समोरच्यास दिसली पाहिजे. रशियांतील सोची येथें १५ नोव्हेंबर २०१४ रोजीं मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन् आनंद यांच्या सामन्याचा सहावा डाव झाला. पांच डावांनंतर दोघे समान होते. वजीर लवकरच पटावरून गेले होते आणि कार्लसन यांची बाजू वरचढ होती. सव्विसाव्या खेळीस त्यांनीं राजा एक घर हलविला, आणि तीच घोडचूक ठरली. आनंद यांचा घोडा मधलें प्यादें मारून, मागोमाग शह देत, दोन प्यादीं घेऊन सुटला असता. पण आनंद यांनीं एक प्यादें पुढें सरकविलें. ते आपल्याच बेतांत गढलेले होते. प्रतिपक्ष एवढी मोठी देणगी देईल ही कल्पनाच मनांत नव्हती. खेळी करतांच दोघांसही आपापली चूक कळली. तो डाव आनंद हरले, आणि पुढें सामनाही. वरचढ बाजूचा आत्मविश्वास आणि दबलेल्या बाजूची निराशा, हीं दोन्ही सारखींच आंधळीं असतात, हें एकाच पटावर एका मिनिटाच्या अंतरानें सिद्ध झालें.

यानंतर दहा वर्षांनीं, १२ डिसेंबर २०२४ रोजीं, सिंगापूर येथें या इतिहासांतील कदाचित् सर्वांत महाग चूक झाली. जगज्जेते चीनचे डिंग लिरेन आणि आव्हानवीर चेन्नईचे अठरा वर्षांचे दोम्मराजू गुकेश यांचे तेरा डावांनंतर साडेसहा-साडेसहा गुण होते. चौदावा डाव शेवटचा. तो बरोबरींत सुटला तर निर्णय दुसऱ्या दिवशीं द्रुतगतीच्या डावांनीं व्हावयाचा. दोघांपाशीं एकेक हत्ती, एकेक उंट. डिंग यांचीं दोन प्यादीं, गुकेश यांचीं तीन, आणि सर्व एकाच बाजूस. अशी स्थिति नीट राखल्यास बरोबरींतच सुटते. पंचावन्नाव्या खेळीस डिंग यांनीं हत्तीसमोर हत्ती आणून अदलाबदल देऊं केली. मोहरे जितके कमी तितकी बरोबरी जवळ, हा विचार सामान्यतः खरा. पण येथें त्यांचा उंट दूरच्या कोपऱ्यांत होता. हत्ती गेल्याबरोबर गुकेश यांनीं आपला उंट त्याच्या समोर आणून उभा केला. कोपऱ्यांतील उंटास सरकण्यास घर नव्हतें. तोही मारामारींत गेला, आणि उरला तो राजा-प्याद्यांचा निखळ हिशेब. त्यांत एक प्यादें अधिक असणारा जिंकतो. अठ्ठावन्नाव्या खेळीस डिंग यांनीं हात पुढें केला. ही संधि पहिल्या दृष्टिक्षेपांत गुकेश यांच्याही ध्यानांत आली नव्हती. ते दुसरीच खेळी करण्याच्या बेतांत होते. सोचीच्या पटावर जी दुसरी नजर टाकली गेली नाहीं ती सिंगापुरांत टाकली गेली, आणि बुद्धिबळास सर्वांत तरुण जगज्जेता मिळाला.

या चुकीवर टीका पुष्कळ झाली. माजी जगज्जेते व्लादिमीर क्रामनिक यांनीं तिला बालिश म्हटलें. परंतु याच क्रामनिक यांनीं जगज्जेते असतांना, २००६ सालीं बॉन येथें संगणकाविरुद्ध खेळतांना, एका खेळींत होणारी मात न पाहतां वजीर भलतीकडे नेला होता. तो प्रसंग अखेरीच्या खेळांतला नव्हता खरा. तथापि अनवधान कोणाच्या दारीं केव्हां उभें राहील याचा नेम नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. चिगोरिननें एका खेळीनें मुकुट गमाविला, ब्रॉनस्टाइननें एका खेळीनें, डिंग यांनींही एका खेळीनें, असें सर्रास सांगितलें जातें. हें कितपत खरें? चिगोरिन तो डाव जिंकला असता तरी नऊ-नऊच झाले असते. मुकुट मिळाला नसता, मिळण्याची आशा जिवंत राहिली असती. ब्रॉनस्टाइनचा सहावा डाव गेला तरी तो बाविसाव्या डावानंतर पुढेंच होता. त्यानें तेविसावाही गमाविला म्हणून पद हुकलें. शिवाय सहावा डाव बरोबरींत सुटता तर पुढील अठरा डाव जसेच्या तसे झाले असते असें मानण्यास आधार नाहीं. डिंग यांच्या हातून ती खेळी न होती तर द्रुतगतीच्या डावांचा निकाल काय लागता हें कोणीच सांगूं शकत नाहीं. आणि फिशरनें तर पहिला डाव तशाच घोडचुकीनें गमावूनही सामना जिंकला. म्हणून त्याची ती चूक आज गमतीचा विषय झाली आहे, कलंकाचा झाली नाहीं. चूक एकाच तोलाची. नांव मात्र पुढील निकाल पाहून ठेवलें जातें.

यावरून असें दिसतें कीं, अखेरीची चूक ही सर्वांत मोठी म्हणून लक्षांत राहत नसून सर्वांत शेवटची म्हणून लक्षांत राहते. दहाव्या खेळीस झालेली चूक पुढील चाळीस खेळ्यांत झांकून जाते. पंचावन्नाव्या खेळीची चूक झांकण्यास पुढें खेळ्याच उरत नाहींत. मग सबंध सामन्याचें ओझें आपण त्या एका खेळीवर लादतों, आणि तिजपूर्वींचें सारें कौशल्य, सारी चिकाटी हिशेबांतून वजा करितों. मनुष्याच्या आयुष्याविषयींही आपण असाच निवाडा देतों. तीस वर्षें चोख नोकरी करणाऱ्या कारकुनाची शेवटच्या महिन्यांतील एक चूकच कचेरींत पुढें सांगितली जाते.

याचा अर्थ अखेरीचें कौशल्य म्हणजे केवळ दैव, असा नव्हे. कापाब्लांकानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाठ्यग्रंथांत अखेरीचा अभ्यास आरंभींच करावा असें प्रतिपादन केलें, आणि स्वतःच्या खेळानें त्याचें फळ दाखविलें. पंजाबांतून १९२९ सालीं इंग्लंडांत गेलेल्या मीर सुलतान खान यांनीं १९२९, १९३२ व १९३३ अशीं तीन वर्षें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेंत खुद्द कापाब्लांकास हरविलें. ते वाढले देशी पद्धतीच्या खेळांत, जेथें प्यादें आरंभीं दोन घरें उडी घेत नाहीं आणि सारें सावकाश चालतें. पाश्चात्त्य आरंभांचें त्यांचें ज्ञान तोकडें होतें. पण मोहरे कमी झाले कीं त्यांच्या संथ, न कंटाळणाऱ्या बुद्धीस रान मोकळें होई. अखेर चांगली खेळणाऱ्यांचा हा गुण म्हणतां येईल कीं, त्यांस काम संपत आल्याची घाई होत नाहीं. पटावर चार मोहरे आहेत कीं चाळीस खेळ्या बाकी आहेत, याचा परिणाम ते पुढच्या एका खेळीवर होऊं देत नाहींत.

परंतु हा गुणही कोणापाशीं अखंड वास करीत नाहीं, आणि तो एका क्षणीं सुटला म्हणून पूर्वींचें सारें व्यर्थ ठरवूं नये. आज सातपर्यंत मोहरे असलेल्या प्रत्येक स्थितीचा निर्णय संगणकांनीं कायमचा लावून ठेविला आहे. त्या कोष्टकांपुढें जुन्या थोर खेळाडूंच्या चुका क्षणांत उघड्या पडतात. यंत्रास चूक दाखवितां येते. ती कोणत्या थकव्यांतून, कोणत्या आशेंतून झाली हें तें सांगत नाहीं. तें काम इतिहासाचें आहे. हवानाच्या तेविसाव्या डावाची नोंद घेऊन बसणारा वाचक बत्तिसाव्या खेळीपाशीं थांबून सुस्कारा टाकतो, हें स्वाभाविकच आहे. त्यानें आधींच्या एकतीस खेळ्याही एकदां पटावर मांडून पाहाव्यात.